डायलिसिसवर असलेल्या बाबांना नेमकं काय हवं असतं?

वरुड तालुक्यातल्या एका खेड्यातून एका मुलीने प्रश्न विचारला आहे. थोडक्यात असा: वडील ५२ वर्षांचे. बीपीमुळे दोन्ही किडन्या निकामी झाल्या. १४ महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा अमरावतीला डायलिसिस. हसतमुख माणूस आता सगळ्यांवर ओरडतो, लपून पाणी पितो, रात्र रात्र जागा असतो. गेल्या पंधरा दिवसांपासून "मले नाई जाचं आता, राहू द्या" एवढंच म्हणतो. आई खचली आहे. मुलगी शिक्षण सोडून घरी आली आहे, स्वतःची किडनी द्यायला तयार आहे, बाबा ऐकत नाहीत. आणि शेवटी तिने सहज लिहून टाकलं आहे की यंदा संत्र्याच्या आंबिया बहाराचा (हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या पिकाचा) सौदा काकांनीच केला, बाबांना त्रास नको म्हणून सांगितलं नाही.

ताई, मी १९ वर्षं डायलिसिस विभागात समाजसेवा अधीक्षक आहे. मशीनचं काम टेक्निशियन बघतात, औषधांचं डॉक्टर. माझ्याकडे उरतं ते बाकीचं सगळं: कागदपत्रं, भांडणं, रडणं आणि गप्प बसणं. तुमचा प्रश्न वाचताना मी त्या शेवटच्या वाक्यापाशी थांबले. तुम्ही सांगितलेल्या बाकी सगळ्या त्रासांवर मी बोलणार आहेच, पण मला वाटतं मुळाशी ते वाक्य आहे. तुमच्या घरात बाबांची काळजी घेणारे चार जण आहेत आणि बाबांना काही विचारणारा एकही नाही.

आधी शरीराचं बघून घेऊ, कारण मनाचं दुखणं समजून आपण जे धरतो त्यातलं बरंचसं रक्तातलं असतं. हिमोग्लोबिन ७-८ वर आलं की माणूस चिडचिडा होतो, थकतो, कशातच लक्ष लागत नाही. डायलिसिसच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन १० ते ११ च्या आसपास असावं असं डॉक्टर बघतात, त्यासाठी इंजेक्शन आणि लोह देतात. बाबांचं शेवटचं कधी तपासलं? अंगाला खाज, रात्री पाय स्वस्थ न राहणं, झोप न लागणं ही सगळी डायलिसिस कमी पडत असल्याची लक्षणं असू शकतात. आठवड्याला ३ वेळा, प्रत्येकी ४ तास, ही नेहमीची पद्धत आहे. आपल्याकडे जाण्यायेण्याच्या त्रासापायी कितीतरी लोक दोनवर भागवतात. तिसरी पाळी मिळते का, हे किडनीच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा. आणि बाबांना पुढच्या खेपेला स्वतः सांगू द्या की झोप येत नाही, खाज सुटते. बहुतेक घरांत डॉक्टरांशी मुलगा बोलतो, मुलगी बोलते, आणि ज्याचं अंग खाजतं तो बाजूला उभा असतो.

आता पाण्याचं. डायलिसिसवरच्या माणसाला साधारण किती पाणी चालतं? आदल्या दिवशी जितकी लघवी झाली तितकं, अधिक अर्धा लिटर. लघवी बंदच झाली असेल तर दिवसभरात अर्धा ते पाऊण लिटर, त्यात चहा, ताक, वरण सगळं आलं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो त्या आपल्या भागात हे काय असतं, ते घरातल्या निरोगी माणसाने एक दिवस करून बघावं. माझ्याकडे मोर्शीकडचे एक संत्रा बागायतदार यायचे. बहार यावा म्हणून आधी काही दिवस झाडाचं पाणी बंद ठेवतात, त्याला ताण म्हणतात. मशीनवर पडल्या पडल्या एकदा म्हणाले, "मॅडम, झाडाले ताण देतो तवा बहार येते. मले ताण देऊन काय येणार?" मला उत्तर देता आलं नाही. मी तिथेच स्टूल ओढून बसून राहिले.

तहान मुळात मिठाची असते. मीठ कमी केलं की तहान आपोआप उतरते, नुसतं पाणी मोजून ती उतरत नाही. ठेचा, लोणचं, पापड, सांडगे, बाजारची शेव हे बंद झालं तर तांब्यावर पहारा ठेवावा लागत नाही. "कमी सोडियमचं" म्हणून मिळणारं मीठ मात्र आणू नका. त्यात पोटॅशियम घातलेलं असतं आणि किडनी निकामी असलेल्या माणसाच्या हृदयाला ते धोक्याचं. सैंधव मीठही शेवटी मीठच. पोटॅशियमचा विषय निघालाच आहे तर तुमच्या घरातली सगळ्यात कठीण गोष्ट: संत्रं. आयुष्यभर ज्या माणसाने झाडावरून तोडून, अंगठ्याने सोलून पाहुण्याच्या हातात फोड ठेवली, त्याला सांगितलंय की हे तुला विष आहे. भेटायला येणारा प्रत्येक जण नारळपाणी आणि फळं घेऊन येतो, तीही पोटॅशियमने भरलेली. रिपोर्ट बघून, कधीतरी डायलिसिसच्या आधी एखादी फोड चालेल का, हे आहारतज्ज्ञांना विचारता येतं. काहींना परवानगी मिळते, काहींना नाही. पण विचारलं गेलं, हेच बाबांना पुरेसं मोठं वाटेल.

पाणी लपून पिण्याबद्दल मला माझी एक चूक सांगायची आहे. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. पन्नाशीतले एक गृहस्थ दोन डायलिसिसच्या मध्ये, अंगात साठलेल्या पाण्याने, साडेचार किलो वजन वाढवून आले. दोन-अडीच किलोच्या आत राहावं असं आम्ही सांगतो. मी वजनकाट्यापाशी, सगळ्यांसमोर त्यांना बोलले. "तुम्हाला जगायचंय की नाही?" असंच काहीतरी. ते मान खाली घालून ऐकत राहिले. पुढची पाळी आली, ते आले नाहीत. त्यापुढचीही चुकली. मग एका रात्री दम लागून त्यांना गाडीत घालून आणलं, फुप्फुसात पाणी भरलेलं. वाचले. ते शुद्धीवर आल्यावर त्यांच्या बायकोने मला सांगितलं की त्या आठवड्यात मुलीचं साक्षगंध होतं. व्याह्यांसमोर आपण आजारी दिसू नये, मुलीचं लग्न मोडू नये, म्हणून जे जे पुढे आलं ते ते त्या माणसाने घेतलं. सरबत घेतलं, चहा घेतला, मठ्ठा घेतला. पंगतीत कुणी आग्रह केला तर नाही म्हटलं नाही. त्या दिवशी तो बाप होता, रुग्ण नव्हता. आणि मी त्याला वजनकाट्यावर उभं करून विचारलं होतं, जगायचंय की नाही.

तेव्हापासून वजन वाढलेलं दिसलं की मी आधी विचारते, "या दोन दिवसांत घरी काय होतं?" उत्तरात कार्यक्रम निघतो, भांडण निघतं, कर्जाची नोटीस निघते, कधी नुसतं "लई आठवण आली बाई" असं निघतं. तुम्हीही बाबांना पाण्यावरून टोकू नका. घरातलं एक ठरावीक भांडं घ्या, दिवसाचं पाणी सकाळी बाबांनीच मोजून त्यात भरावं, केव्हा प्यायचं ते त्यांनी ठरवावं. मधूनमधून बर्फाचा खडा चघळायचा, नुसती चूळ भरायची, लिंबाची फोड जिभेला लावायची. हिशेब त्यांच्या हातात असला की लपवायचं कुणापासून?

"मले नाई जाचं" या शब्दांकडे आता येते. हे शब्द मी शेकडो वेळा ऐकले आहेत आणि प्रत्येक वेळी अर्थ वेगळा निघाला. कुणाला सुयांची भीती असते. कुणाच्या पिंढऱ्यांत गोळे येतात, ४ तासांत अडीच-तीन लिटर पाणी ओढलं की पायात असा पीळ पडतो की मोठा माणूस ओरडतो, आणि ते लाजेपोटी घरी सांगत नाहीत. मशीनचं सेटिंग बदलून, पाणी कमी ओढून हा त्रास पुष्कळ कमी होतो. कुणी शेजारच्या बेडकडे बघून घाबरलेला असतो. हे नातेवाइकांच्या लक्षातच येत नाही. मंगळवार-शुक्रवारच्या पाळीत आठ-दहा माणसं वर्षानुवर्षं एकमेकांशेजारी पडलेली असतात. एकमेकांची पोरं, पीक, सासुरवास सगळं माहीत. एक दिवस एक बेड रिकामा दिसतो. आम्ही कर्मचारी विषय टाळतो, दुसऱ्या रुग्णाला तिथे झोपवतो, आणि सगळे छताकडे बघत ४ तास काढतात. मी आता टाळत नाही. "अमके भाऊ गेले," असं सांगते. मग कुणीतरी त्यांची आठवण काढतं, कुणी डोळे पुसतं. बाबांच्या पाळीत अलीकडे कुणी गेलं का, विचारून बघा.

आणि कधी या शब्दांचा अर्थ असतो, "मी तुमच्यावर ओझं झालो." पहाटे ५ ची गाडी, आईची मजुरी बुडते, पोरीचं शिक्षण सुटलं. बाबा सगळं बघत असतात. तुम्ही किडनी द्यायला निघालात, हे त्यांच्यासाठी त्या ओझ्यावरचं सगळ्यात जड ओझं आहे.

मन खरोखर आजारी पडलंय का, हे कसं ओळखायचं? जगभरच्या पाहण्यांत डायलिसिसवरच्या साधारण चार-पाच जणांत एकाला उपचार लागावेत इतकं नैराश्य दिसतं. थकवा, झोप, भूक यांवरून ते कळत नाही, कारण ते सगळं किडनीच्या आजारातही असतंच. दोन गोष्टी बघा. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास, रितं आहे का? आणि पूर्वी ज्यात जीव रमायचा, बगीच्यात चक्कर, भजन, नातवंडं, पारावरच्या गप्पा, त्यातलं काहीच नकोसं झालंय का? दोन्हींना हो असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवा. डायलिसिसच्या दिवशीच वेळ मागून घ्या, वेगळी फेरी नको. किडनीच्या रुग्णांना चालतील अशी औषधं आहेत, डोस डॉक्टर ठरवतात.

एक प्रश्न तुम्हाला स्वतःलाच विचारावा लागेल, सरळ शब्दांत: "बाबा, जीव द्यायचा विचार मनात येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट माणूस मोकळा होतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. पण विचारण्याच्या आधी एक काम करा. फवारणीची औषधं घरात, गोठ्यात, जिथे कुठे असतील तिथून आजच हलवा. कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या, नाहीतर काकांच्या घरी ठेवा. उत्तर हो आलं तर त्यांना एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तुम्हाला स्वतःला बोलायचं असेल तरी लावा.

या सगळ्यानंतर, शांत मनाने, सगळं समजून कुणी म्हणालं की मला आता डायलिसिस नको, तर तोही माणसाचा हक्क आहे, आणि तेव्हाही त्रास कमी ठेवणारे उपचार असतात. पण ५२ व्या वर्षी, रक्त कमी असताना, पायात गोळे येत असताना, झोप नसताना म्हटलेलं "नको" मी अंतिम धरणार नाही. तोपर्यंत पाळी चुकू देऊ नका. पाय आणि चेहरा सुजला, आडवं झालं की दम लागू लागला, छातीत धडधड किंवा हातापायात एकदम अशक्तपणा आला, तर पुढच्या पाळीची वाट न बघता निघा.

किडनी देण्याबद्दल. कायद्यात जवळचे नातेवाईक म्हणजे नवरा-बायको, आईवडील, मुलं, भावंडं, आजीआजोबा, नातवंडं. तुम्ही त्यात बसता. पण आपल्याकडे देणाऱ्यांमध्ये बाया जास्त आणि घेणाऱ्यांमध्ये पुरुष जास्त, हे या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, म्हणून तुम्हाला विचारते: काकांना कुणी विचारलं का? तपासणीच्या वेळी देणाऱ्याशी एकटीने बोललं जातं. तिथे "माझी इच्छा नाही" असं तुम्ही म्हणालात तर डॉक्टर घरच्यांना खरं कारण न सांगताही थांबवू शकतात. तुमची इच्छा खरी असेल तर तपासणी करून घ्या, नुसत्या बोलण्यावर वाद घालत बसण्यापेक्षा रक्तगट तरी कळेल. बाबांच्या नकाराला हट्ट म्हणू नका. मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयामार्फत नागपूरच्या विभागीय समितीकडे नाव नोंदवता येतं. ते आत्ताच करा, कारण यादी लांब असते. प्रत्यारोपणानंतर रोज गोळ्या घ्याव्या लागतात, नवीन किडनी टिकेपर्यंत. तो खर्चही आधीच समजून घ्या.

कागदांचं झटपट सांगते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस आणि प्रत्यारोपण दोन्ही बसतात. एसटीच्या सवलतींच्या यादीत डायलिसिसचे रुग्ण आहेत, कुठली कागदपत्रं लागतात ते आगारात विचारून घ्या. रेल्वेतही डायलिसिससाठी जाणाऱ्या रुग्णाला आणि सोबत्याला सवलत मिळते, त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो. संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसीलमध्ये चौकशी करा. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी मात्र हेलपाटे घालू नका. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत किडनीचा आजार नाही, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून आठ-आठ दिवस फिरणारी माणसं बघून मला फार वाईट वाटतं.

घरात बाबांचा पेला, ताट वेगळं केलं आहे का? तुम्ही लिहिलं नाही, पण बऱ्याच घरांत केलेलं असतं. किडनी निकामी होणं संसर्गाचं नाही. डायलिसिसच्या आधी कावीळ बी, सी आणि एचआयव्हीची तपासणी नियमाने होते, त्यावरून गावात कुजबुज सुरू होते. बाबांचं ताट सगळ्यांच्या ताटांत ठेवा. जेवायला सगळे एकत्र बसा. मीठ वरून घेणारे वरून घेतील, स्वयंपाक एकच होऊ द्या. आईचं निम्मं काम तिथेच वाचेल.

आईबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत. आमच्या वॉर्डाबाहेर जिन्याखाली बाया चटई टाकून बसलेल्या असतात. शिदोरी असते, पण रुग्णाने खाल्ल्याशिवाय सोडत नाहीत. आठवड्यातल्या एका पाळीला तरी दुसरं कुणी जाऊ द्या. काका आहेत, आतेभाऊ असतील. त्या दिवशी आईने कापूस वेचायला जावं, माहेरी जावं किंवा नुसतं झोपावं. आईचं बीपी आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्या. तुम्हा भावंडांचं बीपी, लघवी आणि किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन एकदा तपासा. आणि तुमचं शिक्षण: परीक्षेचा फॉर्म भरा. बाबांना दाखवून भरा.

आईला एक गोष्ट तुमच्यामार्फत नाही, कुणा वयस्क बाईने किंवा नर्सने विचारावी. नवराबायकोतला शरीरसंबंध या आजारात बहुतेकदा कमी होतो किंवा थांबतो. त्यावर कुणीच बोलत नाही, आणि दोघंही समजतात की दुसऱ्याचं मन उडालं. डॉक्टरांना सांगितलं तर काही कारणांवर इलाज असतो. नसला तरी हे आजाराचं आहे, मनाचं नाही, एवढं कळल्यावर दोन माणसं पुन्हा एका बाजेवर बसून बोलायला लागलेली मी पाहिली आहेत.

काम म्हणाल तर बाबांना जड उचलता येणार नाही, फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी शस्त्रक्रियेने रक्तवाहिन्या जोडलेल्या, हाताने तर अजिबात नाही. त्या हातावर बीपी घेऊ द्यायचं नाही, त्यावर झोपायचं नाही, आणि रोज सकाळी बोटं ठेवून थरथर लागते का बघायचं, ती लागली म्हणजे फिस्टुला चालू आहे. हे बघायचं काम घरातल्या लहान पोराला द्या. आमच्याकडच्या एका आजोबांचा नातू रोज हाताला कान लावून म्हणायचा, "आबा, मोटर चालू आहे." आजोबांना त्या हाताची लाज वाटायची, पूर्ण बाहीचा सदरा घालायचे. ती सुटली.

पण बगीचा बघायला हात लागत नाहीत. डायलिसिसच्या संध्याकाळी माणूस पार गळून जातो, तेव्हा कुठलाच विषय काढू नका, ना किडनीचा, ना पैशाचा. दुसऱ्या दिवशी उन्हं कोवळी असताना त्यांना गाडीवर बसवून बांधावर न्या. काकांना आधी बाजूला घेऊन सांगा की सौदा कितीला झाला, विसार किती आला, तोडा कधी आहे, हे सगळं त्यांनी स्वतः येऊन बाबांना सांगायचं. उशीर झाला म्हणून माफी मागितली तर चांगलंच. बाबा रागावतील. रागावू द्या, मध्ये पडू नका.

आता डिसेंबर आहे, पुढच्या आंबियासाठी झाडं ताणावर असतील. ताण कधी तोडायचा, पहिलं पाणी केव्हा सोडायचं, हे यंदा बाबांना विचारा. ते सांगतील त्याच दिवशी मोटर सुरू करा.